स्थूलता शस्त्रक्रिया

अतिस्थूलतेवर उपाय म्हणून जठर व लघ्वांत्र (लहान आतडे) यांच्या रचनेत कायमचा बदल घडवून आणणाऱ्या शस्त्रक्रियांना ही संज्ञा लावतात. जठराची धारणक्षमता कमी करणे, अन्नाचा लघ्वांत्रातील मार्ग आखूड करून अवशोषण घटविणे किंवा या दोहोंचा मेळ घालणे, ही त्यांची मूळ तत्त्वे होत. या शस्त्रक्रियांत शरीरातील मेद काढून टाकला जात नाही. त्यामुळे त्वचेखालील मेद काढण्याच्या सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेहून त्या सर्वस्वी निराळ्या आहेत. ज्या अवयवांवर शस्त्र चालविले जाते, ते बहुधा निरोगी असतात. निरोगी अवयवाची रचना कायमची बदलणे कितपत समर्थनीय आहे, हा प्रश्न या शाखेच्या इतिहासात आरंभापासून उभा राहिलेला आहे.

पार्श्वभूमी : स्थूलता हा विकार आहे, ही कल्पना प्राचीन आहे. चरकसंहितेत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा समावेश असून अतिस्थूलाला पचण्यास जड परंतु पोषण न करणारा आहार, व्यायाम व जागरण हे उपाय सांगितले आहेत. स्थूलतेचे आधुनिक मोजमाप बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले यांनी १८३० नंतरच्या दशकात मांडलेल्या गुणोत्तरावर आधारलेले आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा अंक मिळतो. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अँसेल कीझ यांनी त्याला ‘शरीर वस्तुमान निर्देशांक’ हे नाव दिले. हा निर्देशांक ३० वा अधिक असल्यास स्थूलता व ४० वा अधिक असल्यास अतिस्थूलता समजतात. १·६० मी. उंचीच्या व्यक्तीचे वजन सु. १०२ किग्रॅ. झाले म्हणजे ती या दुसऱ्या मर्यादेला पोहोचते.

अतिस्थूल व्यक्तीने आहार कमी केल्यास वजन उतरते; पण त्याबरोबरच भूक वाढते, शरीराचा ऊर्जाव्यय घटतो आणि बहुतेकांचे वजन काही वर्षांत पुन्हा वाढते. हा केवळ मनोनिग्रहाचा अभाव नसून शरीराची स्वसंरक्षक प्रतिक्रिया आहे, हे पुढे स्पष्ट झाले. शस्त्रक्रियेचा विचार मूळ धरू लागला, तो आहारोपचाराच्या या अपयशामुळे.

आंत्र-उपमार्गाचा कालखंड : १९५२ मध्ये स्वीडनमधील गॉथनबर्ग येथील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी स्थूलतेसाठी लघ्वांत्राचा काही भाग कापून काढल्याची नोंद केली. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील ए. जे. क्रेमेन, जे. एच. लिनर व सी. एच. नेल्सन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे लघ्वांत्राच्या निरनिराळ्या भागांचे पोषणातील महत्त्व तपासले. लघ्वांत्राचा आरंभीचा भाग थेट त्याच्या अखेरच्या भागाला जोडून मधला मोठा भाग निरुपयोगी ठेवण्याची पद्धती यातून प्रचारात आली. लॉस अँजेल्स येथील जे. एच. पेन व एल. टी. डीविंड यांनी प्रथम लघ्वांत्र बृहदांत्राला (मोठ्या आतड्याला) जोडून पाहिले. परंतु तीव्र अतिसार व लवणांची हानी यांमुळे ती पद्धत सोडावी लागली. १९६९ मध्ये त्यांनी लघ्वांत्राच्या मध्य भागाचे सु. ३५ सेंमी. व अखेरच्या भागाचे सु. १० सेंमी. एवढेच कार्यरत ठेवणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिचा मोठा प्रसार झाला.

वजन घटविण्यात ही शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. मात्र त्याची किंमत हळूहळू लक्षात आली. बंद पडलेल्या आतड्यात सूक्ष्मजंतूंची अतिवाढ, सांधेदुखी, ऑक्झॅलेटाचे मूतखडे, जीवनसत्त्वांची त्रुटी आणि सर्वांत गंभीर म्हणजे यकृत निकामी होणे, हे उपद्रव अनेक रुग्णांत आढळले. कित्येकांच्या आतड्यांची जोडणी दुसऱ्या शस्त्रक्रियेने पूर्ववत करावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धती बहुतेक ठिकाणी बंद झाली. वजनातील घट हाच यशाचा एकमेव निकष मानता येत नाही, हा धडा या कालखंडाने दिला. त्याचबरोबर या शाखेविषयी वैद्यकविश्वात दीर्घकाळ टिकलेला अविश्वासही त्यानेच निर्माण केला.

जठरावरील शस्त्रक्रिया : पचनजन्य व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते व ते पुन्हा सहजी वाढत नाही, या जुन्या निरीक्षणावरून आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर-उपमार्ग शस्त्रक्रिया केली. चिकाशी इटो यांच्यासमवेत त्यांनी १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लघ्वांत्राला जोडावयाची, असे तिचे स्वरूप होते. पित्त वर चढून होणारा त्रास टाळण्यासाठी १९७७ मध्ये डब्ल्यू. ओ. ग्रिफेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्विस शस्त्रक्रियाविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘वाय’ आकाराची जोडणी वापरली. ही रचना प्रमाणभूत मानली जाते.

मेसन यांनी १९८० मध्ये आतड्याला हात न लावता जठराचा वरचा भाग उभा विभागून त्याच्या मुखाशी पट्टी बसविण्याची पद्धती सुरू केली. ती सुरक्षित होती. पण मऊ व गोड पदार्थ खाणाऱ्यांचे वजन पुन्हा वाढू लागल्याने ती मागे पडली. इटलीत जेनोआ येथील निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ मध्ये पित्त व अग्निपिंडरस यांचा मार्ग वळविणारी अधिक प्रभावी, परंतु कुपोषणाचा धोका अधिक असलेली पद्धती आणली.

१९९० नंतर उदरदर्शकाद्वारे, म्हणजे लहान छिद्रांतून नळ्या घालून, शस्त्रक्रिया करण्याच्या तंत्राने मोठा पालट घडविला. बेल्जियममध्ये एम. बेलाचेव यांनी १९९३ मध्ये जठराभोवतीची समायोज्य पट्टी आणि अमेरिकेत ए. सी. विटग्रोव्ह व जी. डब्ल्यू. क्लार्क यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला जठर-उपमार्ग या तंत्राने साधला. पोटावरील मोठी जखम टळल्याने जखम चिघळणे, अंतर्गळ (हर्निया) व फुप्फुसांचे उपद्रव कमी झाले. जठराचा सु. तीन चतुर्थांश भाग काढून त्याला नळीचा आकार देण्याची पद्धती प्रथम अतिजोखमीच्या रुग्णांत मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून केली जाई. अनेकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच भासली नाही; त्यामुळे ती स्वतंत्र पद्धती बनली व जगात सर्वाधिक केली जाणारी स्थूलता शस्त्रक्रिया ठरली.

मधुमेहाशी संबंध : १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनामधील वॉल्टर पोरीस यांनी जठर-उपमार्गानंतर बहुसंख्य रुग्णांची रक्तशर्करा पूर्ववत झाल्याचे दाखविले. विशेष म्हणजे वजन फारसे उतरण्यापूर्वी, काही दिवसांतच, हा बदल दिसे. अन्नाचा मार्ग बदलल्याने आतड्यातून स्रवणाऱ्या हॉर्मोनांत फरक पडतो, त्यामुळे भूक व इन्शुलिनाचे कार्य यांवर परिणाम होतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखविले. शस्त्रक्रियेचे कार्य केवळ यांत्रिक अडथळ्याचे आहे, ही समजूत त्यामुळे बदलली. रोम येथे जी. मिंग्रोने व सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत दोन वर्षांनी जठर-उपमार्ग केलेल्या ७५ टक्के रुग्णांचा मधुमेह ओसरलेला होता; केवळ औषधोपचार घेणाऱ्यांपैकी एकाचाही नव्हता (२०१२). मात्र दहा वर्षांनंतर उपमार्ग-गटातील हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले (२०२१). [⟶ मधुमेह].

फलित व धोके : दीर्घकालीन परिणामांचे सर्वांत महत्त्वाचे अध्ययन स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झाले. त्यात शस्त्रक्रिया केलेल्या २,०१० व नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ व्यक्तींची तुलना करण्यात आली. त्या काळी शस्त्रक्रियेतील मृत्युप्रमाण अधिक मानले गेल्यामुळे गटांची यादृच्छिक निवड करण्यास अनुमती मिळाली नव्हती. दहा वर्षांनंतर वजनातील घट जठर-उपमार्गाने २५, उभ्या विभाजनाने १६ व पट्टीने १४ टक्के राहिली. दुसऱ्या गटाचे वजन जवळजवळ स्थिर होते. २००७ च्या अहवालानुसार सरासरी सु. अकरा वर्षांत शस्त्रक्रिया-गटातील १०१ व तुलना-गटातील १२९ व्यक्ती मरण पावल्या. २०२० मधील विश्लेषणात शस्त्रक्रियेने आयुर्मान सु. तीन वर्षांनी वाढल्याचे दिसले. तथापि सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत ते सु. साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

जोडणीतून गळती, रक्तस्राव व फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे तात्कालिक धोके होत. पुढे लोह, कॅल्शियम, थायामीन, ब१२ व ड जीवनसत्त्व यांची त्रुटी, पित्ताश्मरी आणि आतडे अडकणे हे उपद्रव संभवतात. जठराची नळी केल्यास आम्लपित्त घशाशी येण्याचा त्रास वाढू शकतो. काही रुग्णांत मद्यासक्ती व आत्मघाताची प्रवृत्ती वाढल्याचेही आढळले आहे. आजन्म पूरक जीवनसत्त्वे घेणे, वेळोवेळी रक्ततपासणी करणे आणि स्त्रियांनी सु. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळणे आवश्यक असते.

रुग्णाची निवड : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९१ मध्ये भरविलेल्या परिषदेने निर्देशांक ४० वा अधिक, किंवा गंभीर सहविकार असल्यास ३५ वा अधिक, ही मर्यादा घातली. धोक्यांची पूर्ण माहिती असलेल्या व आजन्म देखरेखीस तयार असलेल्या रुग्णाचीच निवड अनेक तज्ञांनी मिळून करावी, असेही तिने सांगितले. २०२२ मध्ये अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा सर्वांसाठी ३५ व चयापचयाचे विकार असल्यास ३० केली.

भारतीयांच्या बाबतीत निर्देशांक दिशाभूल करू शकतो. पुणे येथील चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले : दोघांचाही निर्देशांक २२·३ असून शरीरातील मेद मात्र याज्ञिक यांच्यात २१·२ व युडकिन यांच्यात ९·१ टक्के होता. कमी वजनातही भारतीयांना मधुमेहाचा धोका असल्यामुळे २००९ च्या भारतीय मतैक्य निवेदनाने शस्त्रक्रियेची मर्यादा ३७·५ व सहविकार असल्यास ३२·५ अशी सुचविली.

२०२१ मध्ये सेमाग्लुटाइड व २०२३ मध्ये टिर्झेपाटाइड या औषधांना अमेरिकेत स्थूलतेसाठी मान्यता मिळाली. आतड्यातील हॉर्मोनांच्या धर्तीवर ती कार्य करतात. परंतु थांबविल्यास वजन बहुधा पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक टिकाऊ असला, तरी तीत झालेला बदल सहजी मागे घेता येत नाही. रुग्णाचे वय, सहविकार, आर्थिक ऐपत व देखरेखीची सोय पाहूनच या दोहोंतील निवड करावी लागते.