बेलभंडार ते शपथपत्र

आमच्या कार्यालयात रोज शपथपत्रे येतात. "मी शपथेवर सांगतो की…" या ओळीखाली सही होते आणि कागद पुढे सरकतो. सही करणारा ती ओळ क्वचितच वाचतो. आपल्या पूर्वजांना मात्र ही ओळ फार जड होती.

मराठेशाहीत वचन पक्के करायचे तर बेलाची पाने आणि भंडारा उचलावा लागे. वतनाचा तंटा पुराव्याने मिटला नाही, तर गोतसभेपुढे दिव्य करावे लागे. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा! अहिल्याबाईंचे हुकूम 'श्रीशंकर आज्ञेवरून' निघत, हे इंदूरकरांना सांगायला नको. देवाला मध्ये घातले की माणूस खोटे बोलणार नाही, ही त्यामागची खात्री.

कंपनीच्या न्यायालयांनी गंगाजल आणि कुराण उचलण्याची पद्धत चालवली. पण पुष्कळ सज्जन माणसे त्या भीतीने साक्षीलाच येईनात. म्हणून 1840 च्या कायद्याने हिंदू-मुसलमानांना नुसते प्रतिज्ञेवर सांगण्याची मोकळीक दिली. 1873 च्या कायद्याने मात्र एक जुनी वाट ठेवली. "प्रतिपक्षाने अमुक शपथ घेतली तर मला मान्य," असे एका पक्षाने म्हटले आणि दुसऱ्याने ती घेतली, की तेवढ्यापुरता वाद संपला.

याच वाटेवर माझी आजी अडली. साठच्या दशकात वाड्यातील दोन खोल्यांचा दावा होता. समोरचा म्हणाला, "वहिनींनी गंगाजळी उचलावी, मी सोडतो." आजीची बाजू खरी होती. तरी ती म्हणाली, "दोन खोल्यांसाठी गंगा उचलणार नाही." दावा पुढे चालला, खोल्या गेल्या. वडील आजही चिडतात. मला मात्र वाटते, त्या कचेरीत गंगेवर खरा विश्वास असलेली तीच एक होती.

उलट टोकाला चार्ल्स ब्रॅडलॉ. 1880 मध्ये पार्लमेंटवर निवडून आलेला हा नास्तिक साध्या प्रतिज्ञेचा हक्क मागत होता. सभागृहाने अडवले, मतदारांनी पुन्हापुन्हा निवडले. 1886 मध्ये त्याला जागा मिळाली, 1888 मध्ये कायदा बदलला. पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता.

'नास्तिक' शब्दही सरळ नाही. पाणिनीच्या व्याकरणात 'आहे' असे मानणारा तो आस्तिक. काय आहे, ते सूत्रात नाही. पुढे वेद मानणारा तो आस्तिक ठरला. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसकही आस्तिकांत बसले आणि जैन-बौद्ध बाहेर राहिले.

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय आहेत: ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन. 1969 च्या शपथ कायद्याने ती गंगाजळीची वाटही बंद केली. आजी तेव्हा हयात होती. वडिलांनी बातमी सांगितली तेव्हा ती तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "बरं झालं."