ओकिनावन कराटेतील नवशिक्या आणि शिक्षणाचा काळ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कराटे ही मूळची ओकिनावा बेटावरील युद्धकला आज महाराष्ट्रातील तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या पोशाखात रांगेने उभी असलेली मुले, कमरेचे रंगीत पट्टे, शिक्षकाने मोजलेल्या आकड्यांवर एकाच वेळी मारलेले ठोसे, हे दृश्य आता सर्वांच्या परिचयाचे आहे. नव्याने प्रवेश घेणारा विद्यार्थी आणि त्याचे पालक या साऱ्या पद्धतीला शतकानुशतकांची परंपरा मानतात. प्रत्यक्षात पोशाख, पट्टे, रांगा आणि आकड्यांवरील कवायत या चारही गोष्टी विसाव्या शतकात या कलेत आल्या. त्या का आल्या याचा शोध घेतल्यास असे दिसते की, नवशिक्याजवळ शिकण्यासाठी किती काळ आहे या प्रश्नाने कराटेला वेळोवेळी नवे रूप दिले. प्रस्तुत लेखात या बदलाचा मागोवा घेऊन महाराष्ट्रातील मल्लखांब व तालीम परंपरेशी त्याची तुलना केली आहे. मुलींच्या शालेय आत्मरक्षा प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचाही विचार केला आहे.

ओकिनावा : दंतकथा आणि इतिहास

ओकिनावा हे र्‍युक्यू राज्याचे मुख्य बेट. चीनशी व्यापार व नजराण्याचे संबंध असलेल्या या राज्यावर 1609 मध्ये जपानमधील सात्सुमा सरदारांनी स्वारी करून वर्चस्व मिळवले आणि 1879 मध्ये जपानने ते खालसा करून आपला एक प्रांत बनविला. शस्त्रबंदीमुळे निःशस्त्र झालेल्या शेतकऱ्यांनी जुलमी सामुराईंविरुद्ध लढण्यासाठी कराटे निर्माण केले, अशी कथा नवशिक्याला बहुधा पहिल्याच आठवड्यात ऐकावयास मिळते. या कथेला पुराव्याचा आधार क्षीण आहे. शस्त्रबंदीचा पुरावा म्हणून दाखविला जाणारा 1509 चा शिलालेख शस्त्रे राज्याच्या संरक्षणासाठी साठविल्याचे सांगतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शिवाय ज्यांची नावे आज ज्ञात आहेत ते जुने गुरू बहुतांशी राजदरबाराशी संबंधित मानकरी घराण्यांतील होते.

त्या काळी ‘संप्रदाय’ ही कल्पनाही आजच्या अर्थाने रूढ नव्हती. शुरी, नाहा व तोमारी या ठिकाणांच्या नावांनी कला ओळखली जाई. गुरू निवडक शिष्यांना घराच्या अंगणात, बहुधा इतरांच्या दृष्टीआड शिकवी. शिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे ‘काता’, अर्थात ठराविक क्रमाने बांधलेल्या हालचालींची मालिका. एकेका कात्यावर वर्षे घालविली जात. गिचिन फुनाकोशी (1868–1957) यांनी केवळ तीन कात्यांच्या अभ्यासात सुमारे दहा वर्षे गेल्याचे नमूद केले आहे. कात्यातील प्रत्येक हालचालीचा प्रत्यक्ष झटापटीतील अर्थ, ज्याला ‘बुंकाई’ म्हणतात, तो गुरू शिष्याची योग्यता पाहून सावकाश उलगडून दाखवी.

शाळेत आलेले कराटे

या पद्धतीत पहिला मोठा बदल आंको इतोसु (1831–1915) यांनी घडविला. 1901 मध्ये शुरी येथील प्राथमिक शाळेत कराटेचा प्रवेश झाला आणि काही वर्षांतच माध्यमिक शाळा व शिक्षक प्रशिक्षण विद्यालयातही ते शिकविले जाऊ लागले. 1908 मध्ये इतोसु यांनी शिक्षणखात्यासाठी दहा कलमांचे पत्र लिहिले. शालेय वयापासून कराटे शिकलेले तरुण पुढे लष्करी सेवेस उपयुक्त ठरतील, हा विचार त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे. अंगणातील दोन-चार शिष्यांच्या जागी आता वर्गातील अनेक मुले आली. त्यांना दहा वर्षे एका कात्यावर थांबविणे शक्य नव्हते आणि मानेवर, डोळ्यांवर वा सांध्यांवर घाव घालण्याचे अर्थ लहान मुलांना सांगणे इष्टही नव्हते. म्हणून इतोसु यांनी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काते रचले. फुनाकोशींच्या परंपरेत तेच ‘हेइआन’ या नावाने शिकविले जातात. आकड्यांवरील सामुदायिक कवायत ही या शालेय शिक्षणाचीच देणगी होय.

या पत्रातील एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. एखादे तंत्र शरीरसाधनेसाठी आहे की प्रत्यक्ष उपयोगासाठी, याचा निर्णय करून मगच त्याचा सराव करावा, असा तिचा आशय आहे. ज्या शिक्षकाने कला शाळेत नेली, त्यालाच व्यायाम आणि आत्मरक्षण यांतील भेदाची पूर्ण जाणीव होती.

पुढील बदल वेगाने झाले. मे 1922 मध्ये फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखविले. ज्युदोच्या धर्तीवर पांढरा पोशाख व श्रेणी स्वीकारल्या गेल्या आणि 1924 मध्ये फुनाकोशी यांनी पहिल्या ‘दान’ पदव्या दिल्या. चोजुन मियागी (1888–1953) यांच्या परंपरेला ‘गोजू’, म्हणजे कठोर व मृदू, हे नाव 1930 च्या सुमारास मिळाले. ‘कराटे’ या शब्दाचा पूर्वीचा अर्थ ‘चिनी हात’ असा होता. 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहा येथे एका वृत्तपत्राने भरविलेल्या बैठकीत ‘रिकामा हात’ या अर्थाच्या अक्षरांस मान्यता मिळाली. चीनशी जपानचे वैर वाढत असताना झालेला हा नामबदल केवळ भाषिक नव्हता. 1940 च्या सुमारास मियागी यांनीही नवशिक्यांसाठी ‘गेकिसाई’ हे काते रचले. स्वतः मियागी मात्र ‘सानचिन’ या श्वासप्रधान कात्याला पाया मानीत राहिले.

1945 च्या ओकिनावाच्या लढाईत बेटावरील सुमारे एक चतुर्थांश नागरिक मृत्युमुखी पडले. मियागी यांचा प्रमुख शिष्य जिनआन शिनझातो याच युद्धात मारला गेला. त्यानंतर 15 मे 1972 पर्यंत बेटावर अमेरिकेचा अंमल होता. तेथील लष्करी तळांवर नेमणूक झालेले सैनिक अल्प मुदतीत कला शिकून मायदेशी परतत आणि तेथे वर्ग चालवीत. दहा वर्षांचा काळ प्रथम शालेय सत्रापर्यंत आणि नंतर सैनिकाच्या नेमणुकीच्या मुदतीपर्यंत आला.

महाराष्ट्रातील समांतर अनुभव

महाराष्ट्राच्या वाचकाला ही वाटचाल अपरिचित वाटू नये. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ग्रंथात मल्लांच्या स्तंभव्यायामाचा उल्लेख आढळतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. निजामाच्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारून त्यांनी सप्तशृंगीच्या कृपेने ही विद्या मिळविली, अशी परंपरागत कथा आहे. ओकिनावाच्या शेतकऱ्यांच्या कथेप्रमाणेच तिच्यातील श्रद्धेचा व इतिहासाचा भाग वेगळा करून पाहिला पाहिजे.

मल्लखांब हे मुळात कुस्तीचे पूरक साधन होते. खांबाला घातलेली पकड आखाड्यात प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चालावी, हा तिचा हेतू. विसाव्या शतकात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाला देशी भाषेतील आज्ञा दिल्या. अमरावती येथे 1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. या सामुदायिकीकरणामुळे मल्लखांब टिकला आणि मुलींपर्यंतही पोहोचला. मात्र आज गुणांसाठी मल्लखांब करणाऱ्या खेळाडूला त्या पकडीचा कुस्तीतील अर्थ ठाऊक असेलच असे नाही. साधनांतही साम्य आहे. गोजू परंपरेतील ‘ची-इशी’, म्हणजे दांड्याला बसविलेला दगड, पाहताच तालमीतील गदेची आठवण होते.

तीन महिन्यांचे प्रशिक्षण

भारतात कराटेच्या आरंभीच्या प्रसारकांत मुंबईचे परवेझ मिस्त्री यांचे नाव घेतले जाते. 1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’ या चित्रपटानंतर पौर्वात्य युद्धकलांविषयी तरुणांत मोठे आकर्षण निर्माण झाले. तो चित्रपट चिनी कलेवर आधारलेला होता. सर्वसामान्य माणसाने मात्र त्या सर्वांना ‘कराटे’ हेच नाव दिले.

आता कराटे शासकीय योजनेतूनही शाळेत येते. समग्र शिक्षा योजनेअंतर्गत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. छत्रपती संभाजीनगर ते पैठण मार्गावरील बिडकीनसारख्या गावाचा येथे विचार करावा. शेतीचा परिसर औद्योगिक वसाहतीत बदलत आहे, रस्त्यावरील वर्दळ वाढत आहे आणि शिक्षणासाठी व कामासाठी मुलींचे घराबाहेर पडणेही वाढणार आहे. अशा ठिकाणी तीन महिन्यांत मुलीच्या हाती नेमके काय पडते, हा प्रश्न तिच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. त्या काळात तिला रांगेत उभे करून आकड्यांवर ठोसे शिकविले, तर तिला व्यायाम व शिस्त मिळेल. परंतु ती कवायत म्हणजेच संरक्षण असा समज झाल्यास तो घातक ठरू शकतो, कारण ती शालेय कवायत धोकादायक अर्थ बाजूला ठेवूनच रचली गेली होती.

अल्प काळात काहीच साध्य होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी घेतलेल्या बारा तासांच्या प्रतिकार प्रशिक्षणाचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात बलात्कारास बळी पडण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात 5.2 टक्के, तर दुसऱ्या गटात 9.8 टक्के आढळले. या प्रशिक्षणात धोका ओळखणे, परिचित व्यक्तीला विरोध करताना वाटणारा संकोच दूर करणे, ठाम शब्दांत नकार देणे आणि शारीरिक प्रतिकाराची निवडक तंत्रे यांवर भर होता. कात्याला त्यात स्थान नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, नवशिक्याला दिले जाणारे कराटे हे प्राचीन कलेचे शालेय संस्करण आहे. यामुळे त्याचे मूल्य कमी होत नाही. ते संस्करण झाले नसते, तर ही कला शुरी-नाहाच्या अंगणांतच राहिली असती आणि ओकिनावाचा र्‍यो कियुना 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या काता स्पर्धेत सुवर्णपदक मिळविताना जगाने पाहिला नसता. परंतु इतोसु यांनी सांगितलेला भेद शिक्षकाने विसरता कामा नये. ज्याच्याजवळ वर्षे आहेत, त्याला काता व त्याचा अर्थ क्रमाक्रमाने द्यावा. ज्या मुलीजवळ तीनच महिने आहेत, तिला धोक्याची जाण, मोठ्या आवाजातील नकार, पकड सोडविण्याची दोन-चार तंत्रे आणि मदत मागण्याचे मार्ग आधी शिकवावेत. रांगेतील कवायतीचा क्रम त्यानंतर लावावा.