तृतीयपंथीयांचे आत्मकथन (महाराष्ट्र)

तृतीयपंथीयांचे आत्मकथन म्हणजे तृतीयपंथी किंवा पारलिंगी व्यक्तींनी पुस्तक, कविता, न्यायालय व राजकारण यांच्या माध्यमांतून स्वतःच्या जगण्याविषयी स्वतः केलेले कथन होय. मराठीत हा प्रवाह अलीकडचा असून ठाणे, मुंबई व नवी मुंबई या सलग नागरी पट्ट्याचा त्यात मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

मराठी साहित्यात हा समाज आधी इतरांच्या लेखणीतून आला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत यल्लमाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचे जीवन आहे. 'जोगवा' (२००९) हा चित्रपट त्यांवर आधारलेला आहे. (सर्वच जोगते पारलिंगी असतात असे नाही.) या कलाकृतींत आस्था आहे, मात्र सांगणारा बाहेरचा आहे. शहरी जीवनात तर तेवढीही ओळख होत नाही. नवी मुंबईला जोडणाऱ्या हार्बर मार्गावरील अनेक प्रवाशांचा या समाजाशी संबंध येतो तो डब्यात टाळी वाजवून मागितल्या जाणाऱ्या पैशांपुरता.

मी हिजडा... मी लक्ष्मी!

ठाण्यात जन्मलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे हे आत्मकथन २०१२ मध्ये मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. 'हिजडा' हा शब्द मराठीत भ्याडपणाची शिवी म्हणून सर्रास वापरला जातो. तोच शब्द लेखिकेने शीर्षकात स्वतःची ओळख म्हणून घेतला. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये निघाला.

त्रिपाठी यांचे कथन न्यायालयातही पोहोचले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेत त्या हस्तक्षेपकर्त्या होत्या. न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालपत्रात त्यांच्या बालपणीच्या अनुभवांची नोंद आहे. तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता देणारा आणि स्वतःची लिंग-ओळख ठरवण्याचा अधिकार मान्य करणारा निकाल तो हाच.

इतर आवाज

गौरी सावंत यांनी मुंबईत 'सखी चारचौघी' ही संस्था उभारली. २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रात मतदार जागृतीसाठी सदिच्छादूत नेमले. त्यांच्या जीवनावरील 'ताली' (२०२३) या रवी जाधव दिग्दर्शित वेबमालिकेत मात्र त्यांची भूमिका सुश्मिता सेन यांनी केली. पारलिंगी व्यक्तीची गोष्ट पारलिंगी कलाकाराने का सांगू नये, हा वाद अशा प्रत्येक कलाकृतीच्या वेळी निघतो. 'कुरूप' या संग्रहाच्या कवयित्री दिशा पिंकी शेख २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. इतरांच्या प्रश्नांवरही अधिकाराने बोलण्याचे ते पद होते, म्हणून त्याचे मोल वेगळे.

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेसाठी भरलेला अर्ज नाकारण्यात आला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढण्याची मुभा दिली आणि त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या.

प्रतिनिधित्वाचा वाद

एका प्रसिद्ध व्यक्तीचे मत हे साऱ्या समाजाचे मत मानले जाते, ही या प्रवाहातील मोठी अडचण आहे. त्रिपाठी यांनी अयोध्येतील राममंदिराला पाठिंबा दर्शविल्यावर २०१८ मध्ये देशभरातील अनेक पारलिंगी व्यक्ती व गटांनी जाहीर निवेदन काढून त्या भूमिकेचा निषेध केला. शब्दांचाही प्रश्न आहे. 'तृतीयपंथी' म्हटल्यावर गुरू-चेला परंपरेतील समाजच डोळ्यांसमोर येतो. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले पारलिंगी पुरुष त्यातून सुटतात. 'पारलिंगी' हा नवा शब्द त्यांनाही सामावून घेतो, पण तो बोलीत अजून रुळलेला नाही.

नोंद व ओळखपत्र

२०११ च्या जनगणनेत 'इतर' या लिंग-रकान्यात महाराष्ट्रातील ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ओळख-प्रमाणपत्र जिल्हादंडाधिकारी देतात. नवी मुंबई महानगरपालिकेचे क्षेत्र ठाणे जिल्ह्यात, तर शेजारचे पनवेल रायगड जिल्ह्यात येते. त्यामुळे वाशीच्या रहिवाशाचा अर्ज ठाण्याकडे जातो आणि खारघरच्या रहिवाशाचा अलिबागकडे. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाल्यावर हा अर्ज घरबसल्या करण्याची सोय झाली.