पांढरकवड्याच्या वायव्येला, 23 ऑगस्ट 2011

मंगळवार, 23 ऑगस्ट 2011. रात्रीचे दहा वाजत आलेत आणि तुम्ही पांढरकवड्यात गच्चीवर उभे आहात. खाली टीव्हीवर रामलीला मैदानातलं अण्णा हजारेंचं उपोषण चालू आहे. शेतात पऱ्हाटीला पात्या लागल्यात, पोळा आठवड्याच्या आत आलाय. वायव्येकडे बघा. ढग फाटले असतील तर सप्तर्षी उतरणीला लागलेले दिसतील. त्यांच्या शेपटीतले मरीचि आणि वसिष्ठ हेरा आणि त्या दोघांशी त्रिकोण होईल असा तिसरा बिंदू ध्रुवाच्या अंगाला मनात धरा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. पण तिथे एम-101 ही दीर्घिका आहे, आणि तिच्यातल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचा पहिला प्रकाश याच सुमारास पृथ्वीवर पोचतो आहे. कॅलिफोर्नियात आत्ता सकाळ आहे, तिथल्या दुर्बिणींचे घुमट बंद आहेत. तो प्रकाश आधी तुमच्या गच्चीवर पडतोय.

आता 2 कोटी 10 लाख वर्षं मागे जा, कारण तो प्रकाश निघाला तेव्हा. पांढरकवडा नाही, माणूस नाही. पायाखालचा बेसाल्ट मात्र आहे, आणि तो लाव्हा थंड होऊनही तेव्हा साडेचार कोटी वर्षं उलटलेली आहेत. तिकडे एम-101 मध्ये एक श्वेत बटू तारा आहे: कार्बन आणि ऑक्सिजनचा गोळा, आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याहून जास्त. असा तारा किती भार पेलू शकतो, त्याचं गणित खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी 1930 साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला जाताना मांडलं होतं. सूर्याच्या सुमारे 1.4 पट, त्यापुढे नाही. त्या मर्यादेच्या आसपास आतला कार्बन पेटतो आणि अख्खा तारा उधळतो.

परत 2011 मध्ये या, पण या वेळी कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या डोंगरावर. तिथे रात्रीचे नऊ, पांढरकवड्यात बुधवारची सकाळ, साडेनऊ. 48 इंची दुर्बीण आकाशाचे फोटो काढते आहे. ‘पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी’ या मोहिमेचे प्रमुख आहेत श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. आकाशात कुठे काय बदललं हे पुन्हा पुन्हा तपासत राहणं, हेच या मोहिमेचं काम. कॉम्प्युटर नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना फोटो वजा करतो. दीर्घिका पुसली जाते, तिचे सर्पिल हात पुसले जातात, आणि उरतो एक ठिपका. बर्कलीत खगोलशास्त्रज्ञ पीटर न्यूजेंट यांच्या नजरेला तो पडतो. स्फोटाचा प्रकाश पोचून जेमतेम अकरा तास झाले होते तेव्हाचा हा फोटो. या जातीचा अतिनवतारा (सुपरनोव्हा) इतक्या लवकर याआधी कुणाला सापडला नव्हता.

पण ठिपका म्हणजे अजून ओळख नव्हे. जगभर निरोप जातात. पुढच्या रात्री ला पाल्मा बेटावरची लिव्हरपूल दुर्बीण त्याचा वर्णपट घेते. ती वेडीवाकडी रेघ तुम्ही स्वतः वाचा. हायड्रोजनची खूण शोधा: नाही, म्हणजे अतिनवताऱ्यांचा पहिला प्रकार. आता तांबड्या भागात या. तिथे रेघ खोल खचली आहे. तो सिलिकॉन आहे, आणि त्याची जागा निळ्याकडे सरकली आहे, कारण तो वायू सेकंदाला सुमारे 16,000 किलोमीटर वेगाने तुमच्याकडे येतोय. सिलिकॉन सापडला की प्रकार ‘एक-ए’. न जळलेला कार्बन आणि ऑक्सिजनही रेघेत आहे; फुटलेल्या ताऱ्याचाच माल. नाव पडतं एसएन 2011-एफई. हाच प्रकार विश्वाची अंतरं मोजायला वापरतात. त्याच्या जोरावर विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे दाखवणाऱ्या तिघांना त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं.

11 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या सुमारास, हा तारा ऐन भरात होता. तेव्हा संध्याकाळी आकाश मोकळं असतं, तर छोट्या टेलिस्कोपमधून तो पांढरकवड्यातूनही दिसला असता.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो मायोर्का बेटावरच्या एका छोट्या रोबो दुर्बिणीचा फोटो. 23 तारखेचाच, स्फोटानंतर चार तासांनी काढलेला. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तो नंतर तपासला गेला, आणि त्यात त्या जागी काहीच नाही. फुटणारा तारा मोठा असता तर चार तासांनीही त्याची तापलेली धग दिसलीच असती. दिसली नाही, म्हणून हिशेब केला: ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहून कमी. एवढा लहान आणि एवढा जड म्हणजे श्वेत बटूच. अशा स्फोटात श्वेत बटूच फुटतो हे गणितात कधीचं होतं. त्याचा इतका थेट पुरावा मात्र या रिकाम्या फोटोतून हाती आला.