उतार, तारू आणि तारक

मराठवाड्याला समुद्र नाही. तरी पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोच बंदरास जाई, अशी नोंद पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेरचे कापड उत्तरेस नेताना गोदावरी ओलांडावीच लागे. नदी पायी ओलांडण्याची जागा म्हणजे ‘उतार’; नाव म्हणजे ‘तारू’. ‘तीर्थ’ हीदेखील मुळात पाण्यात उतरण्याची वाट. हे तिन्ही शब्द ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे, या एकाच संस्कृत धातूचे. १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झाले. नाथसागराखाली गावे गेली, तसे त्यांचे उतारही गेले. आज पुलावरून जाणाऱ्या आपल्या मुलांना ‘उतार’ केवळ रस्त्याचा ठाऊक आहे. मात्र प्रभूला आपण ‘तारक’ म्हणतो, तेव्हा पैलतीरी नेणारा तोच जुना धातू आपल्या ओठी असतो.