गणवेश आणि कापसाचा चुकारा



स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करताना १९७३-७४ सालचे दोन फोटो एकाच पाकिटात निघाले. आपण तेव्हा आठवीत होतो. एक फोटो १५ ऑगस्टचा, दुसरा २६ जानेवारीचा. मैदान तेच, कडुनिंब तोच, झेंड्याजवळ शिटी घेऊन उभे असलेले पी.टी.चे सरही तेच. पण ऑगस्टच्या फोटोत लेझीमच्या चार रांगा आहेत आणि जानेवारीच्या फोटोत सहा. वर्गाचा पट तर वाढला नव्हता. मग दोन रांगा मुले आली कुठून?

ती आली अकोटच्या कापूस बाजारातून.

आपला गणवेश आठवा. मुलांना पांढरा सदरा, खाकी हाफपँट. मुलींना निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, लाल रिबिनी. रोजच्या तासांना थोडीफार सूट मिळे. कवायत, लेझीम, गॅदरिंग यांत उतरायचे तर मात्र पूर्ण गणवेश आणि वर पांढरे कॅनव्हासचे बूट. नियमामागचा हेतू चांगलाच होता. अडत्याचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा रांगेत वेगळे दिसू नयेत, असे सर सांगत. दिसतही नसत, कारण सालदाराचा मुलगा पुष्कळदा रांगेतच नसे.

वऱ्हाडातल्या उन्हामुळे आपल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. नेमके तेव्हाच घरातले होते नव्हते ते बियाण्यात आणि खतात जाते, मग निंदण-डवरणीत. पैसा येतो सीतादही होऊन कापसाचा वेचा सुरू झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. त्यात आपली वर्षे जास्तच अवघड. १९७२ चा दुष्काळ नुकताच सरलेला. त्याच वर्षी राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. गाडी बाजारात रिकामी झाली तरी चुकारा हप्त्याहप्त्याने मिळू लागला. व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीतून शेतकरी सुटावा म्हणून आलेली ही योजना, तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण शाळेला गणवेश जुलैत हवा असे आणि तो घ्यायला बापाजवळ पैसा जानेवारीत येई. पांढऱ्या सोन्याच्या गावात पांढऱ्या सदऱ्यासाठी सहा महिने थांबावे लागे. रेशनच्या दुकानातले कंट्रोलचे कापड होते, पण शिलाई होतीच, आणि बूट काही रेशनवर मिळत नव्हते.

मुलींचे दुखणे आणखी वेगळे. खेड्यावरून येणाऱ्या कितीतरी जणींना घरून स्कर्ट चालत नसे. मैदानाच्या कडेला बसून इतरांच्या चपला सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे येई, आणि आपण कोणी त्याला काही म्हणत नव्हतो.

आता जे लिहितो ते लिहायचे की नाही, यावर दोन दिवस घालवले. मी वर्गाचा नायक होतो. १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी बूट नसलेल्यांची यादी मीच केली. त्यात आपला हलगीवाला दोस्त होता. त्याच्याइतकी चांगली हलगी शाळेत कोणी वाजवत नव्हते. तो मला म्हणाला, "बाबा मन्ते, कापूस इकल्यावर घेऊन देतो." मी त्याचे नाव तरी लिहिले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. जानेवारीत बूट आले, पण हलगीला त्याने पुन्हा हात लावला नाही.

नववीत तो एन.सी.सी.त दिसला आणि मला नवल वाटले. आज वाटत नाही. एन.सी.सी.चा खाकी पोशाख, टोपी, बूट सगळे सरकारी, शिवाय परेडनंतर नाश्ता. स्काउटचा पोशाख ज्याचा त्याने शिवायचा, म्हणून स्काउटमध्ये गावातली मुले जास्त आणि एन.सी.सी.त खेड्यावरची. आपण त्याला आवडीचा फरक समजत होतो.

हे सारे जुने झाले असे समजू नका. २०२४-२५ मध्ये सरकारने जिल्हा परिषदेच्या आणि इतर सरकारी शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' आणला. कापड वरून आले, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. बऱ्याच ठिकाणी १५ ऑगस्ट उलटला तरी गणवेश पोचले नाहीत. पोचले त्यांतले काही अंगाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. फुकटचा गणवेशसुद्धा १५ ऑगस्टलाच चुकावा, याचे मला हसू आले आणि वाईटही वाटले.

संमेलनासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करायचे काम पुन्हा माझ्याकडेच आले. ती मी दहावीच्या ग्रुप फोटोवरून केली. हलगीवाला नववीनंतर जिनिंगमध्ये कामाला लागला होता, त्यामुळे फोटोत नव्हता आणि यादीतही आला नाही. ऑगस्टचा फोटो हातात आल्यावर ही चूक लक्षात आली. नंबर मिळवायला तीन आठवडे लागले.

फोनवर त्याने आवाज लगेच ओळखला. तारीख विचारली, जेवणाचे विचारले. मग म्हणाला, "काहून बे, पांढरेच कपडे लागतात का?"

समितीने पांढरा सदरा ठरवला होता. मी तो ठराव बदलून घेतला आहे.