नव्या किडनीला बीपीची गोळी कशाला?

मुंबईत किडनी बदलून भिवंडीला परतलेल्या माणसाला भेटायला येणारा जो तो सांगतो: नवी किडनी बसली, आता बीपी गेलं, गोळ्या बंद कर, उगाच किडनीवर भार नको. लूमच्या कारखान्यापासून धामणकर नाक्यापर्यंत हेच ऐकू येतं. मला हे मत जिवावर बेतणारं वाटतं.

त्याला आधारच नाही असं मात्र नाही. डायलिसिसच्या काळात अंगात साठणारं पाणी नवी किडनी बाहेर टाकते आणि काहींच्या गोळ्या खरोखर कमी होतात. १९८३ साली कर्टिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णांची हकीकत छापली. रक्तदाबापायीच किडन्या गमावलेल्या त्या सहाही जणांचा दाब, बीपी नसलेल्या दात्याची किडनी बसल्यावर, सरासरी साडेचार वर्षांनीही नॉर्मल होता. पण ते सहाच जण, आणि तेव्हा टॅक्रोलिमस नव्हतंच. त्याचा शोध १९८४चा. आज बहुतेकांना तेच द्यावं लागतं, नाहीतर शरीर परकी किडनी नाकारतं. हेच औषध किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळतं आणि अंगात मीठ धरून ठेवतं. जोडीला प्रेडनिसोलोन, तेही मीठ धरणारं. शिवाय जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. त्या आतच राहून दाब वाढवणारं रेनिन सोडू शकतात.

गोळ्यांनी किडनीवर भार येतो, हे तर साफ उलटं आहे. हायडेलबर्गच्या ओपेल्झ यांनी १९९८ साली २९,७५१ रुग्णांचा हिशेब मांडला. प्रत्यारोपणानंतर दाब जितका चढा, तितकी पुढे किडनी निकामी होण्याची शक्यता जास्त. कोणी म्हणेल, किडनी बिघडत होती म्हणून दाब चढला. काहींच्या बाबतीत तसं असेलही. पण ज्यांना रिजेक्शनचे उपचार कधीच लागले नव्हते, त्यांच्यातही हाच संबंध दिसला. २०२१च्या केडिगो या किडनीविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही अशा रुग्णांसाठी १३०/८०च्या खालचं लक्ष्य आहे.

भार येतो तो वेगळ्याच गोळ्यांनी. बारा तास लूमवर उभं राहून कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणलं जातं. ते दाबही वाढवतं आणि किडनीलाही मारतं. खाण्यातही जपावं लागतं: पपनस टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. सैंधवही शेवटी मीठच, आणि 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, ते या रुग्णांना घातक ठरू शकतं.

बीपी घरी मोजावं: सकाळी गोळीआधी, पाच मिनिटं स्वस्थ बसून, डायलिसिसचा फिस्टुला नसलेल्या हातावर, आणि आकडा वहीत लिहावा. तीन-तीन औषधं चालू असूनही दाब एकाएकी चढला, तर नव्या किडनीची धमनी अरुंद झाल्याची शंका घेतात. डॉपलरमध्ये ती दिसू शकते, फुग्याने उघडताही येते. पण रुग्णाने गोळ्या गुपचूप सोडल्या असतील, तर डॉक्टर धमनी शोधत बसतात आणि दाब चढतच राहतो.